वाफेचं इंजिन शेडमध्ये हरलं : अमेरिकेतल्या डिझेलीकरणाची गोष्ट

रुळाकाठचा

परवा दुसऱ्या एका धाग्यावर 'बिग बॉय'चा व्हिडिओ आला आणि नेहमीची हळहळ सुरू झाली. एवढं राक्षसी इंजिन हाताशी असताना अमेरिकेनं त्या बिनचेहऱ्याच्या डिझेलच्या नादी का लागावं, वगैरे. तिथे उत्तर लिहायला बसलो तर फारच लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

बिग बॉय ही युनियन पॅसिफिक रेल्वेची वाफेची इंजिनं. अल्को कंपनीने १९४१ ते १९४४ या काळात स्कनेक्टडीच्या कारखान्यात २५ बांधली. टेंडरसकट वजन सुमारे ५४० टन. आणि त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत सांता फे रेल्वेने आपली पहिली डिझेल मालगाडी चालवली. पुढच्या वीस वर्षांत सगळं संपलं. युद्ध संपताना अमेरिकन रेल्वेंकडे चाळीसेक हजार वाफेची इंजिनं होती. १९६० च्या मध्यावर मोठ्या कंपन्यांच्या रोजच्या कामातून ती जवळपास गायब झालेली होती.

माझं म्हणणं असं की ताकदीत किंवा वेगात वाफ हरलीच नाही. ती हरली शेडमध्ये.

इंजिन गाडी सोडून शेडकडे आलं की पुढे काय काय व्हायचं ते बघा. आधी राखेच्या खड्ड्यावर उभं करायचं. जाळ साफ करायचा, क्लिंकर (राखेचे घट्ट झालेले गोळे) फोडून खाली पाडायचे, स्मोकबॉक्समधली (बॉयलरच्या पुढच्या धुराच्या कप्प्यातली) काजळी उपसायची. मग कोळसा, मग पाणी, मग चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर टाकायची वाळू. मग तेलाचा डबा आणि ग्रीसगन घेतलेली माणसं इंजिनाभोवती फिरणार, कारण सांधे, बेअरिंगं आणि पिना मोजता मोजता दमायला होईल इतक्या. महिन्यातून निदान एकदा बॉयलर थंड करून आतून धुवायचा. हा केंद्र सरकारचा नियमच होता, बॉयलर तपासणीचा कायदा १९११ चा. थंड झालेला बॉयलर परत वाफेवर आणायला कित्येक तास. हे सगळं दर शे-दीडशे मैलांवर, कारण तेवढ्या अंतरावर इंजिन बदलायचं. त्या प्रत्येक ठिकाणी शेड, टर्नटेबल, कोळशाचा मनोरा, पाण्याची टाकी, बॉयलरमेकर, फिटर, खलाशी. जिथलं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, तिथे ते शुद्ध करायची वेगळी यंत्रणा.

डिझेल आलं की तेल भरा, वाळू भरा, ब्रेकचे गुटके बघा, आणि लावा पुढच्या गाडीला. चार इंजिनं जोडली तरी पुढच्या केबिनमधला एकच ड्रायव्हर चारही चालवतो. वाफेची दोन इंजिनं लावली तर दोन ड्रायव्हर, दोन फायरमन (जाळ सांभाळणारे).

उष्णतेचा हिशोब तर फारच एकतर्फी. कोळशातली जेमतेम सहा-सात टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोचायची, डिझेलमध्ये पंचवीस टक्क्यांच्या वर. पण माझ्या मते हा मुद्दा दुय्यम आहे. कोळसा स्वस्त होता, माणसं आणि वेळ महाग होती.

---

खट्याळ_कावळा

वाचतोय. पण हे सगळं १९४१ ला एकदम सुचलं का? डिझेल इंजिनाचा शोध तर आधीच्या शतकातला ना?

---

गार्डाचा_डबा

कावळेबुवा, सुरुवात धुरापासून झाली. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूखालच्या बोगद्यात धुराने सिग्नल दिसला नाही आणि एक लोकल दुसऱ्या उभ्या गाडीवर आदळली. १५ माणसं गेली. त्यानंतर मॅनहॅटनमध्ये वाफेच्या इंजिनांवर बंदी आली आणि मुख्य मार्गावर वीज आली. १९२३ च्या कायद्याने ती बंदी अख्ख्या न्यूयॉर्क शहराला लावायचं ठरवलं. आता पंचाईत अशी की गोदीतल्या, गोदामांमधल्या चार-सहा फाट्यांच्या यार्डासाठी तारा कोण टाकणार?

तिथे डिझेलला दार उघडलं. अल्कोने सांगाडा बांधला, जनरल इलेक्ट्रिकने मोटारी दिल्या, इंगरसोल-रँडने इंजिन. ३०० अश्वशक्तीचा चौकोनी खोका. १९२५ मध्ये सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीने १००० नंबरचा खोका ब्रॉन्क्समधल्या यार्डात कामाला लावला. तो १९५७ पर्यंत राबला आणि आता बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

अवांतर: त्याच १९२५ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली.

---

मीरा_शिकागो

छान धागा! शंटिंगच्या (यार्डात डबे हलवायच्या) खोक्यापासून लोकांच्या मनात भरणाऱ्या गाडीपर्यंतचा टप्पा मी लिहिते, कारण ती गाडी आमच्या शहरातल्या विज्ञान संग्रहालयात ठेवली आहे आणि पाहुणे आले की आमची फेरी ठरलेली.

बर्लिंग्टन रेल्वेची झेफर. सगळी स्टेनलेस स्टीलची, तीन डब्यांची, एकमेकांना कायमची जोडलेली. जवळून बघितलं तर पत्र्यावर आडव्या पन्हाळ्या आहेत. त्या शोभेच्या वाटतात, पण पातळ पत्र्याला ताठपणा त्यांच्यामुळेच येतो. पुढच्या भागात विंटन कंपनीचं आठ सिलिंडरचं, ६०० अश्वशक्तीचं डिझेल.

२६ मे १९३४ ला ही गाडी डेन्व्हरहून पहाटे निघाली आणि १३ तास ५ मिनिटांत शिकागोला पोचली. हजारावर मैल, वाटेत न थांबता. सरासरी ताशी १२५ किमीच्या आसपास. तेव्हा शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं, गाडी थेट तिथल्या मंचावर जाऊन उभी राहिली. वाटेत दर क्रॉसिंगवर माणसं उभी केली होती, गुरं-गाड्या अडवायला.

बरं, ही धाव सुरळीत झाली असं नाही. मधेच स्टार्टरची केबल जळली आणि इंजिन बंद पडलं. गाडी उतारावर नुसती घरंगळत होती. एका तंत्रज्ञाने तुटलेली टोकं हाताने एकत्र धरली आणि इंजिन परत सुरू केलं. हात भाजले, गाडी थांबली नाही.

आणि हो, गाडीत एक गाढवही होतं. खरंच. झेफ नावाचं, डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्राने भेट म्हणून पाठवलेलं.

---

खट्याळ_कावळा

म्हणजे गाडीत हॉर्सपॉवर ६०० आणि वर एक गाढव. मीराताई, दंडवत.

---

गार्डाचा_डबा

झेफरच्या आधी, फेब्रुवारी १९३४ मध्ये युनियन पॅसिफिकची एम-१०००० आली होती. तीही सुळसुळीत, पण ते डिझेल नव्हतं. ठिणगीवर चालणारं इंजिन होतं. गल्लत होते म्हणून लिहिलं.

---

रुळाकाठचा

मीराताई, झकास. पण झेफरमुळे रेल्वेवाल्यांचं मत एवढंच झालं की डिझेल हे हलक्या, नटव्या गाड्यांचं खेळणं आहे. खरे पैसे मालगाडीत. तिथे डिझेल टिकेल यावर कुणाचा विश्वास नव्हता.

तो बसवला एका इंजिनाने. जनरल मोटर्सने १९३० मध्ये विंटन आणि इलेक्ट्रो-मोटिव्ह या दोन्ही कंपन्या विकत घेतल्या होत्या. झेफरचं विंटन इंजिन रुळावर फार त्रास द्यायचं, म्हणून १९३८ मध्ये खास रेल्वेसाठी नवीन टू-स्ट्रोक इंजिन काढलं, नाव ५६७. एका सिलिंडरची क्षमता ५६७ घनइंच म्हणून ५६७. कल्पनाशक्तीचा एवढा दुष्काळ असलेल्या लोकांनी एवढं चांगलं यंत्र बनवलं!

१९३९ च्या शेवटी त्यांनी १०३ नंबरचं इंजिन दौऱ्यावर काढलं. मॉडेल एफटी. एकामागे एक जोडलेली चार युनिट, प्रत्येकी १३५० अश्वशक्ती, एकूण ५४००. अकरा महिने ते देशभर फिरलं. २० मोठ्या रेल्वे कंपन्या, ३५ राज्यं, ८३,७६४ मैल. ज्या कंपनीला शंका असेल तिने आपली गाडी जोडावी आणि आपल्या घाटात चढवून बघावी. समुद्रसपाटीपासून रॉकी पर्वतातल्या दहा हजार फुटांपर्यंत, बर्फापासून वाळवंटापर्यंत.

वाफेच्या इंजिनाची ताकद वेग वाढला की दिसते, गाडी हलवताना ते धापा टाकतं. डिझेल-विजेच्या इंजिनाचं (डिझेल वीज तयार करतं, विजेच्या मोटारी चाकं फिरवतात) उलट. जागेवरून उठताना आणि घाटात दहा-पंधराच्या वेगाने रांगताना मोटारी पूर्ण जोर लावतात. मालगाडीला नेमकं हेच हवं होतं.

पहिली मोठी ऑर्डर सांता फेची, आणि कारण पाणी. अ‍ॅरिझोना-कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात इंजिनांसाठी पाणी टँकर-वाघिणींमधून वाहून न्यावं लागायचं. म्हणजे गाडी ओढायला पाणी हवं आणि ते पाणी आणायला आणखी गाडी हवी. सांता फेने एफटीची ३२० युनिट घेतली, इतकी दुसऱ्या कुणीच नाही. घाट उतरताना मोटारींचेच जनित्र करून वेग आवरायची सोयही तिच्या आग्रहातून आली. त्याआधी लांब उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी आणली की चाकं लालबुंद व्हायची आणि वाटेत थांबून ती गार करावी लागायची.

एक गंमत सांगायची राहिली. पहिल्या एफटीची युनिटं एकमेकांना नेहमीच्या कपलरऐवजी पक्क्या दांड्याने जोडलेली असायची. कामगार युनियनने प्रत्येक युनिटला वेगळा ड्रायव्हर मागू नये म्हणून, 'हे बघा, हे एकच इंजिन आहे' असं दाखवायला!

---

निवांत_पाटील

माहितीपूर्ण आहे, पण जनरल मोटर्सला फारच गोड ठरवताय राव. युद्धाच्या काळात कोणी काय बांधायचं ते सरकारी युद्ध उत्पादन मंडळ ठरवत होतं. मालगाडीची डिझेलं बांधायची मुभा जनरल मोटर्सला, आणि अल्को, बाल्डविनने वाफेची इंजिनं आणि शंटिंगची डिझेलं बांधायची. युद्ध संपलं तेव्हा एकाकडे चार वर्षांचा अनुभव आणि बाकीचे शून्यावर. अल्कोची पहिली १३ आरएस-१ डिझेल इंजिनं तर सैन्याने ताब्यात घेऊन सहा अ‍ॅक्सलची करून थेट इराणला पाठवली, रशियाला रसद पोचवायला.

शिवाय १९६१ मध्ये सरकारने जनरल मोटर्सवर इंजिनांच्या मक्तेदारीचा खटला भरलाच होता. आमच्या मालाची वाहतूक हवी असेल तर आमची इंजिनं घ्या, असा दबाव टाकल्याचा आरोप होता.

---

रुळाकाठचा

पाटीलसाहेब, खटला भरला हे खरं, आणि तो पुढे सरकारनेच मागे घेतला हेही खरं. मोठ्या गिऱ्हाईकाचा वजनदारपणा कामाला आला नसेल असं मी म्हणत नाही. पण दबावाखाली पहिलं इंजिन घेतलं जाईल, विसावं नाही.

मंडळाच्या निर्णयाचा फायदा झालाच. तरी बाल्डविन बुडाली ती दुसऱ्याच कारणाने. ती शिवणाऱ्या शिंप्यासारखी होती, गिऱ्हाईक सांगेल त्या मापाचं इंजिन. प्रत्येक रेल्वेचा मुख्य अभियंता आपला नकाशा घेऊन यायचा. जनरल मोटर्सने सांगितलं, इंजिन आम्ही ठरवू, रंग तुम्ही निवडा. सुटे भाग तयार, बिघडलेला भाग द्या आणि दुरुस्त केलेला घेऊन जा, तुमची माणसं आमच्या शाळेत पाठवा. १९४९ ला जीपी-७ आलं तेव्हा त्यांचा अभियंता डिक डिलवर्थ म्हणे, असं कुरूप इंजिन बनवू की कंपन्या ते लाजेने आडमार्गाला पाठवतील आणि तिथे ते मुकाट्याने काम करेल. अडीच हजारांवर खपली, आणि आडमार्गाला कसली, मुख्य मार्गावरच जाऊन बसली.

बाल्डविनने शेवटची इंजिनं १९५६ मध्ये बांधली. लिमा या आणखी एका इंजिन कंपनीने १९४९ मध्येच वाफेचं काम थांबवलं होतं.

---

बंब

सगळे एका सुरात गायला लागले म्हणून मी बेसूर लावतो. नॉरफोक अँड वेस्टर्न विसरलात.

व्हर्जिनियातली रेल्वे, कोळसा वाहणे हाच धंदा. रोनोकच्या स्वतःच्या कारखान्यात स्वतःची इंजिनं बांधायचे. आणि रुळाकाठचा म्हणतात तो शेडचा प्रश्न त्यांनी सोडवला होता! रोलर बेअरिंग, यांत्रिक वंगण, आणि गाडी धुवायच्या-तेलपाणी करायच्या आधुनिक शेड, जिथे इंजिन एका टोकाने आत आणि तासाभरात दुसऱ्या टोकाने बाहेर. १९५२ मध्ये त्यांनी जनरल मोटर्सच्या चार युनिटच्या डिझेलशी आपल्या इंजिनांची समोरासमोर चाचणी घेतली आणि निकाल जवळजवळ बरोबरीचा लागला. अमेरिकन रेल्वेसाठी देशात बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिनही त्यांचंच, डिसेंबर १९५३, एक साधं शंटर. म्हणजे नीट निगा राखली तर वाफ टिकत होती. बाकीच्यांनी आळस केला.

---

रुळाकाठचा

बंबशेठ, तुम्ही येणार याची खात्री होती.

नॉरफोकवाले हुशार होते, वादच नाही. पण तेही १९६० च्या मे महिन्यात थांबलेच. कारण शेड कितीही झकपक केली तरी इंजेक्टर, हवेचे पंप, स्टोकर (जाळात कोळसा टाकणारं यंत्र), सुपरहीटरच्या नळ्या हे सगळं बाहेरून यायचं. बाकीचं गिऱ्हाईक गेलं तसे ते कारखानदार दुकान बंद करत गेले. एकटा माणूस किती दिवस स्वतःच सगळं ओतून-घडवून वापरणार? १९५८ मध्ये स्टुअर्ट सॉन्डर्स अध्यक्ष झाले आणि त्यांनी सरळ डिझेलं मागवली. आणि चाचणी बरोबरीची म्हणता, ती नॉरफोकच्या घरच्या मैदानावर, खाणीच्या तोंडाशी कोळसा असताना. सांता फेच्या वाळवंटात ती बरोबरी झाली असती का?

कोळशाचा संपही विसरू नका. युद्धानंतर खाणकामगारांचे संप सारखे व्हायला लागले आणि ज्यांचं कोळशावर प्रेम होतं त्यांनीही तेलाच्या टाक्या बांधायला घेतल्या.

---

सई_के

इंजिनांबद्दल मला फार कळत नाही, पण माणसांचा विषय राहून गेला असं वाटतं.

फ्रेड कॉट्रेल नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये वाळवंटातल्या एका रेल्वेगावाचा अभ्यास छापला. गावाला त्याने कॅलिएंटे असं नाव दिलं आहे. वाफेच्या इंजिनाला त्या अंतरावर थांबावंच लागे, म्हणून गाव वसलेलं. डिझेलला थांबायची गरज नव्हती, त्यामुळे गावाचीही. त्याचं निरीक्षण बोचणारं आहे. ज्यांनी घर बांधलं, देवळाला वर्गणी दिली, गावात दुकान टाकलं, मुलांना तिथल्या शाळेत घातलं, थोडक्यात चांगल्या नागरिकाने करावं ते सगळं केलं, तेच सगळ्यात जास्त बुडाले. भाड्याने राहणारा बिऱ्हाड उचलून निघून गेला. फायदा भागधारकांना आणि गिऱ्हाइकांना, जे त्या गावात कधी उतरलेही नसतील.

दुसरं म्हणजे फायरमन. दक्षिणेकडे हे काम मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीय माणसं करायची, कारण ते गरम, घाण आणि पाठ मोडणारं होतं. युनियनमध्ये त्यांना प्रवेश नव्हता आणि ड्रायव्हर म्हणून बढतीही नव्हती. यांत्रिक स्टोकर आणि डिझेल आल्यावर तीच जागा स्वच्छ आणि बसून करायची झाली. लगेच ती गोऱ्यांना हवीशी झाली! फेब्रुवारी १९४१ मध्ये युनियन आणि दक्षिणेतल्या रेल्वेंनी करार करून कृष्णवर्णीय फायरमनच्या जागांवर मर्यादा घातली. बेस्टर स्टील नावाचे लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचे फायरमन त्याविरुद्ध कोर्टात गेले. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की युनियन ज्यांच्या वतीने बोलते त्या सगळ्यांशी, सभासद नसलेल्यांशीही, तिने न्यायाने वागलं पाहिजे. वकील होते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन.

---

निवांत_पाटील

सईताई, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा वजनदार आहे. फायरमनचं पुढे काय झालं? डिझेलमध्ये जाळच नाही, तर हा माणूस करायचा काय?

---

गार्डाचा_डबा

१९३७ मध्ये करार झाला की मोठ्या डिझेलवरही फायरमन राहील. कंपन्या पुढे पंचवीस वर्षं बोटं मोडत राहिल्या. शेवटी १९६३ मध्ये काँग्रेसने (अमेरिकन संसदेने) सक्तीच्या लवादाचा कायदा केला आणि मालगाड्या व यार्डातल्या बहुतेक जागा हळूहळू गेल्या.

पण सगळेच रिकामे बसून नव्हते हां. प्रवासी गाड्यांचे डबे तेव्हा वाफेने गरम व्हायचे. त्यामुळे डिझेल इंजिनाच्या पोटात एक छोटा बॉयलर बसवलेला असायचा, फक्त डब्यांच्या हीटिंगसाठी. तो हिवाळ्यात हमखास रुसायचा आणि त्याची मनधरणी फायरमनने करायची.

---

शेडमास्तर

नमस्कार मंडळी. घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त. धागा वाचून राहवलं नाही.

ही अमेरिकन कहाणी आपल्याकडे आली ती हरलेल्या कंपनीकडून. बोरघाटात १९२९-३० लाच वीज आली, त्यामुळे तिथे वाफेनंतर थेट तारा. बाकी देशासाठी १९५७ च्या सुमारास अल्कोची डब्ल्यूडीएम-१ जातीची डिझेलं आली, आणि १९६२ मध्ये डब्ल्यूडीएम-२. त्याच सुमारास जनरल मोटर्सचीही डब्ल्यूडीएम-४ आणली होती, पण तंत्रज्ञान द्यायचा करार अल्कोशी झाला. वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं इंजिन १९६४ च्या जानेवारीत निघालं. अल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बांधणंच सोडलं, आणि आपण मात्र त्यांचा नकाशा पुढे कित्येक दशकं चालवला, सुधारत सुधारत.

अल्को अमेरिकेत का हरली याचं एक कारण फिटरच्या बाजूने सांगतो. युद्धानंतर त्यांनी २४४ नावाचं इंजिन घाईने बाजारात आणलं. टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) आणि क्रँकशाफ्टने रेल्वेवाल्यांना रडवलं. नंतरचं २५१ उत्तम होतं, पण तोवर गिऱ्हाईक पलीकडे गेलं होतं. आपल्याला मिळालं ते २५१. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती. टॅपेट उघडून बसलं की यंत्र काय म्हणतंय ते कळायचं.

आणि तो काळा धूर, ज्याचे फोटो तुम्ही लोक काढता! ड्रायव्हरने नॉच (ताकद वाढवायच्या दांड्याचा टप्पा) भराभर वाढवला की तेल लगेच वाढतं, पण टर्बो फिरायला वेळ घेतो. तेवढे सेकंद हवा कमी, तेल जास्त, आणि सगळं धुराड्यातून आभाळात. हलक्या हाताने नॉच घेणाऱ्या ड्रायव्हरचं इंजिन एवढा धूर सोडत नसे. फोटो छान येतो म्हणून कौतुक करू नका, शेडमध्ये त्याला शिव्याच पडायच्या.

---

बंब

मास्तर, नमस्कार. एक शंका. अमेरिकेत हिवाळ्यात डिझेल इंजिनं रात्रभर चालूच ठेवायचे म्हणतात. मग वाफेच्या इंजिनाचा जाळ राखत बसण्यात आणि यात फरक काय?

---

शेडमास्तर

चालू ठेवायचे कारण इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात गोठणरोधक घालत नसत. बंद केलं तर पाणी सोडून द्यावं लागतं, नाहीतर ब्लॉक फुटेल. फरक असा की रिकामं फिरणारं डिझेल यार्डात एकटं सोडता येतं. बॉयलर एकटा सोडता येत नाही. पाणी खाली गेलं आणि जाळावरचा पत्रा उघडा पडला की स्फोट. रात्रपाळीला माणूस लागतोच.

---

रुळाकाठचा

बंबशेठ, मास्तरांनी माझंच म्हणणं कमी शब्दांत मांडलं. आता तरी माना.

---

बंब

मानतो, पण फोटो मी वाफेचेच काढणार. मीराताई, पुढच्या वर्षी मुलीकडे अमेरिकेला जातोय. काय काय बघता येईल?

---

मीरा_शिकागो

झेफर आमच्याकडे, घरीच उतरा. दौऱ्यावर फिरलेल्या १०३ नंबरचं पुढचं युनिट सेंट लुईसच्या वाहतूक संग्रहालयात आहे. बिग बॉयपैकी ४०१४ नंबरचं युनियन पॅसिफिकने दुरुस्त करून २०१९ मध्ये परत रुळावर आणलं, त्याचं घर वायोमिंगमधलं शायान. मात्र आता ते कोळशाऐवजी तेलावर चालतं, तेव्हा तुमचा सोवळेपणा घरी ठेवून या. तुमच्या लाडक्या नॉरफोकचं ६११ नंबरचं वाफेचं इंजिन रोनोकच्या संग्रहालयात असतं, पण ते अधूनमधून बाहेरगावी जातं. तिकीट काढायच्या आधी ते जागेवर आहे का एवढं फोन करून विचारा.